केळीबागेचा चेहरा

माझे दाजी हणमंतराव यांनी ती कादंबरी वाचलेली नाही. एकशे बारावं पान मात्र त्यांना तोंडपाठ आहे. त्या पानावर राज्याचं सरकार पडतं, आणि ते कोणी पाडलं हे लेखक सांगत नाही. 'केळीबागेतून निरोप आला,' एवढंच लिहितो. पुढची दोनशे पानं मंत्री, बंडखोर, पोलीस सगळे या केळीबागेला टरकून असतात. बागेत बसलेला माणूस काही दिसत नाही.

दाजींची अर्धापूरला केळीची बाग आहे. सात वर्षांपूर्वी पंचायत समितीच्या सभापती निवडीआधी सहा सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना चार दिवस तिथं ठेवलं होतं. नंतर लेखक येऊन दोन दिवस राहून गेला. कादंबरीत तालुक्याचं राज्य झालं, सहा सदस्यांचे सतरा आमदार झाले. साहित्यात एवढं चालतं.

"केळीबाग म्हणजे मीच," हे दाजी तेव्हापासून सांगत आलेत. सरकार उलथवणारा, फोन चोरून ऐकणारा, एका सचिवाला लिफ्टमध्ये कोंडणारा माणूस आपण आहोत, हे लोक सहसा फक्त वकिलाला सांगतात. दाजींनी लेटरहेडवर छापलं.

सिनेमा आला तेव्हा त्यांनी नांदेडच्या टॉकीजचा दुपारचा अख्खा शो घेतला. बाहेर त्यांचा फेट्यातला फोटो आणि खाली 'ज्यांच्या कर्तृत्वावर हा चित्रपट'. कारण उघड होतं. जिल्हा परिषदेच्या गटाची उमेदवारी हवी होती आणि ती ठरवणारे पक्षाचे निरीक्षक मल्लिकार्जुनअप्पा सिनेमाला येणार होते. अप्पा लातूरचे, म्हणून त्यांना आणायचं काम माझ्याकडे. मी लातूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे मला राजकारणातलं काही कळत नाही, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे.

"प्राध्यापक," अप्पा गाडीत म्हणाले, "इच्छुक तीन हायत. बाकी दोघांवर पिक्चर न्हाई. तुमचे दाजी पडद्यावर दिसले, की तिकीट पक्कं समजा."

"आणि नाही दिसले तर?"

"मग तेबी त्या दोघांसारखेच."

टॉकीजमध्ये साठ कार्यकर्ते फेटे बांधून बसले होते. पुढच्या रांगेत एक हलगीवाला. केळीबागेचा माणूस पडद्यावर आला की वाजवायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. तो माणूस दिसतो कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. दाजी मधे बसले, एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला गुणाबाई, म्हणजे माझी अक्का. मी दाजींच्या मागे.

सातव्या मिनिटाला पांढऱ्या कपड्यातला एकजण दार उघडून आला. हलगी कडाडली, शिट्ट्या झाल्या. तो ड्रायव्हर निघाला.

मग काळा चष्मा घातलेला आला. परत हलगी. दाजींनी मिशीवर हात फिरवला. दोन मिनिटांत चष्मेवाल्याला गोळी लागली.

दाजी मागे वळले. "रामलिंगराव, मेलो का मी?"

"नाही दाजी. तो उपसचिव होता."

"मग मी कधी येऊन राहिलो?"

दाजी खुर्चीत पुढे सरकले, मागे टेकले, परत पुढे सरकले. कुर्त्याचं वरचं बटण त्यांनी लावलं, काढलं, लावलं. मध्यंतर झालं तरी केळीबागेचा पत्ता नव्हता. अप्पांनी घड्याळ बघितलं. दाजींनी अप्पांना घड्याळ बघताना बघितलं, आणि चहा न पिताच बाहेरच्या पॅसेजमध्ये सहा फेऱ्या मारल्या.

मध्यंतरानंतर पडद्यावर केळीची बाग आली. हलगीवाला उभा राहिला, दाजी उभे राहिले. कॅमेरा बागेतल्या घरात शिरला. आत चुलीपुढं एक बाई भाकरी थापत होती. फोन कान आणि खांद्यामधे धरलेला.

"सतरातला एक फुटणार हाय," बाई फोनमध्ये म्हणाली. "ज्याचं जायचं ठरतं, तो जेवण लई वाखाणतो. ह्यो दोन दिवसांपासून ठेच्याचं कौतुक करून राहिलाय. त्याच्या आईला आणा अन् दारात बाज टाकून बसवा. आईला वलांडून कोण जातंय?"

हलगी वाजली नाही.

मागून आवाज आला, "अहो, त्या बाजेवर तर माझी आई बसली होती!" तो नरसिंग होता, त्या सहा सदस्यांतला सहावा.

साठ फेटे वळले. दाजींकडे नाही, अक्काकडे. अक्का शेंगा फोडत होती.

दाजी हळूच खाली बसले. "लेखकाला हे सांगितलं कोणी?"

"इचारलं त्यानं. तुम्ही दोन दिवस शाली बदलून फोटो काढून राहिलते. वाढताना मी सांगितलं."

"अन् निरोप? ते फोन?"

"मीच करत व्हते की. तुम्ही त्या वक्ताला झोपलेले."

पडद्यावर सरकार पडलं. बाईनं तवा उतरवला. अप्पांनी बराच वेळ घड्याळाकडे बघितलं नव्हतं. ते दाजींच्या अंगावरून पलीकडे वाकले.

"वहिनी, आपला गट खुला हाय. खुल्यातून बाईबी चालती."

दाजी दोघांच्या मधे खुर्चीच्या हातासारखे बसून होते. त्यांनी अक्काकडे बघितलं. ती नाही म्हणेल, अशी त्यांची खात्री असावी. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मलाही आठवत नव्हतं.

अक्कानं पदरावरची टरफलं झटकली. "चार दिवस सहा गडी सांभाळले. पाच वर्षं एक गट जड न्हाई. अर्ज कधी भरायचा?"

"सोमवारी."

"सूचक लागतो ना एक?"

"लागतो."

"मग हे हायत की."

पडद्यावर नवीन मंत्रिमंडळ शपथ घेत होतं. दाजी अप्पांकडे सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अप्पा, सूचकाचा फोटो असतो का अर्जावर?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "सही असती."