दिव्याखालचा आडवा दांडा

म्हातारा बायकोच्या माहेरच्या घरात, माडीवरच्या खिडकीशी बसून समोरच्या जुन्या दिव्याच्या खांबाकडे टक लावून पाहत होता. तिने चहाचा कप पुढे केला.

"बाई, दिव्याखाली तो आडवा दांडा कशाला हो?" त्याने विचारलं. हल्ली तो तिला बाईच म्हणायचा.

तिने कप त्याच्या हातात दिला. उभा जन्म त्याच दांड्याला शिडी टेकवून दिवे लावले यांनी, आणि आता मलाच विचारताहेत!

"शिडी टेकवायला," ती फणकारली. "पूर्वी माणूस वर चढून दिवा लावायचा."

"पण घराकडची बाजू वाकलीय त्याची."

"वाकेल नाहीतर काय! शिडी रस्त्याच्या बाजूने लावायचा नियम होता. पण हा पठ्ठ्या रोज इकडूनच चढायचा. या खिडकीत एक मुलगी बसायची ना! काच पुसायच्या निमित्ताने तिच्याशी गप्पा छाटायचा."

म्हातारा खुदकन हसला. "मग? दिली का त्याला मुलगी?"

"दिली."

"बरं झालं बाई." त्याने हौसेने खोलीभर नजर फिरवली, तिच्यावरूनही फिरवली. "मग ती दिसत नाही कुठं?"