न जेवलेला पाहुणा

आमच्या धन्याने मारलेल्या राक्षसाला दर हिवाळ्यात एक नवं डोकं फुटायचं. धनी थेरॉन त्याला मारून दलदलीतून परत आला तेव्हा ते एकच होतं. गवई ठेवला तशी तीन झाली. यंदा सातावर गेली होती. गवयाच्या ताटात जसजसा मऊ मांसाचा तुकडा मोठा होत गेला, तसतसा त्याच्या गाण्यातला राक्षसही वाढत गेला. कशाने कोण पोसलं जातं, हे कोठीवरच्या बाईला कोणी शिकवायला नको.

मी या घरची धाय. थेरॉनला अंगावर पाजलं, पुढे कोठी सांभाळली. विकत आणलेली बाई खरी, पण या घरातला एकही घास माझ्या हाताखालून न जाता कोणाच्या तोंडी पडलेला नाही.

त्या दिवशी दक्षिणेचा वारा पाऊस घेऊन सुटला होता आणि अंधारून आल्यामुळे भर दुपारी मशाली लावाव्या लागल्या. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होतं, गाल खप्पड झाले होते. भाला त्याने कोणी न सांगता दाराजवळ टेकवून ठेवला. चांगल्या घरचा असावा. पण दांडा आपल्या बसायच्या बाजूला वळवला, एका हिसक्यात हाती येईल असा. मी ते पाहिलं. थेरॉनला दिसला तो फक्त एक नवा श्रोता.

"या, पाहुणे, या! आधी पोटाला आधार. नावगाव कुठे पळून जातंय?"

रीतच आहे आमची. पाहुण्याचं जेवण झाल्याशिवाय त्याला नाव विचारायचं नाही. दारात देव उभा असेल नाहीतर चोर, भूक दोघांनाही असते. आणि एकदा घरचं मीठ त्याच्या पोटात गेलं की त्याने आपल्यावर हात उचलायचा नाही, आपण त्याच्यावर नाही. पाहुण्यांचा राखणदार झ्यूस वरून बघत असतो.

मिर्तोने, माझ्या मुलीने, त्याच्या हातावर पाणी घातलं. मी भाकरी, चीज आणि भाजलेलं मांस वाढलं, वर मीठ भुरभुरवलं. थेरॉनने आपल्या ताटातला मानाचा तुकडा उचलून त्याच्या ताटात टाकला आणि गवयाला खूण केली.

मी खांबाआडून ताटांकडे बघत राहिले. माणूस तोंडाने काहीही सांगतो, ताट खोटं बोलत नाही. पाहुण्याने भाकरी मोडली आणि हात खाली नेला. खाली कुत्रं होतं. मांसाचा तुकडा ओठांपर्यंत गेला आणि तसाच खाली उतरला. प्याला मिर्तोने भरला, तर देवांच्या नावाने त्याने तो सगळा जमिनीवर ओतला. दुसराही ओतला. देवांना इतकं पाजणारा भाविक मी जन्मात पाहिला नव्हता.

मग माझ्या ध्यानात आलं. हा माणूस उपाशी होता. मांसाच्या वासाने त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. तरी खात नव्हता. ज्या घरात रक्त सांडायचं, त्या घरचं मीठ खायचं नसतं.

आणि असा माणूस एकट्या धन्यावर थांबत नाही. मागे बोट दाखवायला कोणी उरू नये म्हणून घरातलं मांजरसुद्धा ठेवत नाही. मिर्तो त्याच्या कोपराला लागून उभी होती.

मी वाढायच्या मिषाने थेरॉनच्या कानाशी वाकले. "धनी, पाहुणे जेवत नाहीत. नाव विचारा."

"जेवायच्या आधी?" तो मोठ्याने हसला. "ऐकलंत पाहुणे? आमची माई म्हातारी झाली. रीतभातसुद्धा विसरली!"

सगळे हसले. पाहुणाही हसला. पण हसताना त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

गवयाने गाण्यात राक्षसाचं सातवं डोकं उडवलं. थेरॉनने मांडीवर थाप मारली.

"तुमच्याबरोबर म्हणे आणखी एक जण होता," पाहुणा हळूच म्हणाला.

"होता बिचारा. पाय घसरला त्याचा."

"घसरला?"

"दलदलच ती. पाय घसरायचाच."

पाहुण्याने ताटावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मुठीची हाडं पांढरी पडली होती. "जरा वारा बघून येतो," म्हणून तो उठला आणि ओसरीवर गेला. जाताना त्याने दाराचा अडसर चाचपून पाहिला.

कोठीत माझ्या वाट्याची भाकर होती, अर्धी, जवाची, कालची. ती घेतली, चिमूटभर मीठ घेतलं आणि त्याच्यामागे गेले.

"या घरचं चालत नसेल तर माझं घ्या," मी म्हटलं. "हा माझा वाटा. मला दिला तेव्हाच माझा झाला."

त्याने भाकरीकडे पाहिलं. "तुला काय हवंय, म्हातारे?"

"खाल्ल्या मिठाला जागा. माझी माणसं सोडा."

"ती पाणी घालणारी पोर तुझी?"

"माझी."

"आणखी?"

"माझ्या हातचं खाल्लं तो माझा. आता तुम्हीही."

तो हसला, आणि त्या हसण्यात सुटका होती. बायकांना मारायची त्याला हौस नसावी. "कबूल," म्हणाला. "झ्यूस साक्षी." भाकर त्याने दोन्ही हातांनी धरली आणि लांडग्यासारखा मोठा घास तोडला. सांगायचं ते घास गिळायच्या आत सांगायला हवं होतं; नकळत खाल्लेलं मीठ बांधत नाही.

"थेरॉनला मी दूध पाजलंय," मी म्हणाले.

चावणं थांबलं.

घास त्याच्या गालात तसाच राहिला. वारा दार हापटत होता. त्याचा एक हात माझ्या मनगटावर आला, आणि हाड मोडेल असं वाटलं. थुंकला असता तर संपलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता, त्यात मिर्तोचाही.

त्याने डोळे मिटले आणि घास गिळला.

"हिशेबाला पक्की आहेस," मनगट सोडून तो म्हणाला. "आता विचार माझं नाव."

"आत विचारतील," मी म्हटलं.

तो आत गेला, बसला आणि जेवला. भाकरी, चीज, मानाचा तुकडा, सगळं. हात धुतले. तेव्हा कुठे थेरॉनने मोठ्या ऐटीत विचारलं, "आता सांगा पाहुणे, कोण तुम्ही? आणि जाताना भेट काय देऊ? मागाल ते! सगळ्यांसमक्ष बोलतोय."

"मी निकानोर. तुमचा सोबती अल्कॉन, ज्याचा पाय घसरला, त्याचा मुलगा."

गवयाचा हात तारेवरच राहिला.

"घाबरू नका," निकानोर म्हणाला. "तुमचं मीठ खाल्लंय. केसाला धक्का लावणार नाही, दुसऱ्या कोणाला लावूही देणार नाही. भेट एवढीच द्या. दलदलीत माझ्याबरोबर चला आणि बाबा कुठे घसरले ती जागा दाखवा. राक्षस तर तुम्ही मारलेलाच आहे. भीती कसली?"

थेरॉनने सभोवार पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि शब्द त्याने सगळ्यांसमक्ष दिला होता. घर सोडेन, पण नाव सोडणार नाही, असला तो माणूस.

"चला की," तो म्हणाला. आवाज गवयाचा वाटावा इतका बारीक निघाला.

वारा पडला होता. मी दोघांची शिदोरी बांधली. उंबऱ्यावर थेरॉन वहाणेचा बंद बांधायला वाकला, पण बोटं ऐकेनात. मी खाली बसले आणि लहानपणी बांधायचे तसा बांधू लागले. निकानोर दारात उभा होता, थेरॉनचा भाला अदबीने दोन्ही हातांवर घेऊन.

थेरॉन माझ्या कानाशी वाकला. श्वासाला दारूचा वास नव्हता, लहान मुलाच्या घामाचा होता.

"माई," तो म्हणाला, "तो राक्षस मेलेला नाही."

मी गाठ मारली. पक्की ओढली, वाटेत सुटू नये म्हणून.