टर्कीचा पावा

नवरी साकनिकची होडी घाटाला लागणार त्याच दिवशी सकाळी आव्यात भाजताना वाघाच्या आकाराचा मातीचा पावा तडकला. नवरीच्या स्वागताला वाघच वाजला पाहिजे, असं नवऱ्याच्या काकांनी, बोलोनकाकांनी, बजावून ठेवलं होतं. माझी आत्या, इश-मूयाल, गावातली सगळ्यात जुनी कुंभारीण. तिने राखेतून दोन तुकडे उचलले, जोडून पाहिले आणि फेकून दिले. मग फळीवरचा टर्की पक्ष्याच्या आकाराचा पावा घेतला. तो तिने गंमत म्हणून घडवला होता. शेपटीत फुंकायचं आणि पोटावरच्या चार भोकांवर बोटं नाचवायची.

नदीकाठी सगळं गाव जमलं होतं. होडीत साकनिक मान खाली घालून बसलेली. तीन दिवसांच्या प्रवासात पोरीने तोंड उघडलं नव्हतं, असं तिचा भाऊ सांगत होता.

आत्याने फुंक मारली.

जेवणावळीसाठी आणलेल्या चाळीस टर्की काठावर टोपल्यांत होत्या. त्या सगळ्या एका दमात गुरगुरल्या. लोक दचकले. आत्याने सूर बदलून पुन्हा फुंकलं, तर आणखी मोठ्याने उत्तर आलं. साकनिकने मान वर केली, ओठ दाबले, पण तिला काही आवरेना. हसता हसता ती एका बाजूला कलली, होडीही कलली आणि नवरी गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तरी हसतेच आहे. मग काठावरचे लोकही हसत सुटले. माझ्या पोटात तर कळ आली.

बोलोनकाका दगडासारखे उभे होते. आत्या त्यांना म्हणाली, "वाघ तडकला, काका. रागवायचं तर आत्ताच रागवा."

काकांची हनुवटी थरथरत होती. "रागावतो नंतर," ते कसेबसे हसू दाबत म्हणाले. "आधी पुन्हा वाजव."

साकनिकने ओल्या हाताने पावा मागून घेतला. नवऱ्याच्या घरापर्यंत ती फुंकत गेली, मागून टोपल्या उत्तर देत आल्या आणि आम्ही नाचत नाचत रस्ता चुकलो. त्यानंतर टर्की कापायला कुणाचाच हात धजेना. वऱ्हाडाने मासे आणि मक्याच्या पिठाचे, पानांत गुंडाळून उकडलेले तामाले खाल्ले.

आता दुपारी साकनिक आमच्या अंगणात माती मळायला येते. तिने घडवलेला पहिला पावा कोणत्या प्राण्याचा, यावर घरात अजून भांडण आहे. आत्या म्हणते कासव, मी म्हणते घुबड. साकनिक सांगत नाही, नुसती वाजवून दाखवते.