पुढे म्हणजे खाली

निरंजनच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. गुरुवार उजाडला की त्याला भोसरीच्या खोलीत करमत नसे. अंघोळ उरकून, खाणावळीत आज डबा नको म्हणून सांगून तो संत तुकाराम नगरची बस धरायचा. तिथे बुद्धरत्नच्या घरी मोठा टीव्ही होता, टीव्हीखाली गेम खेळायचा कन्सोल होता, आणि दिवसभर खेळत बसलं तरी कोणी कटकट करत नसे. दोघे एकाच कंपनीत शिकाऊ म्हणून लागले होते. पुढे बुद्धरत्नने नोकरी सोडून मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण गुरुवारची बैठक काही मोडली नाही.

त्या गुरुवारी मात्र बसमध्ये बसल्या बसल्या निरंजनने उजव्या हाताचा अंगठा मुठीत दाबून धरला होता.

आदल्या दिवशी, बुधवारी, एक गोष्ट घडली होती. चाकणच्या ज्या कारखान्यात तो क्रेन चालवायचा, तिथे गाड्यांचे पत्रे दाबून घडवतात. पत्रा दाबायचे साचे, त्यांना तिथे डाय म्हणतात, हत्तीएवढ्या वजनाचे. ते उचलायचे, प्रेसमध्ये बसवायचे आणि काम झालं की पुन्हा काढून ठेवायचे, हे निरंजनचं काम. इतकी वर्षं क्रेनला लोंबती बटणपेटी होती. वरचं बटण दाबलं की हुक वर, खालचं दाबलं की खाली. दिवाळीनंतर ती गेली आणि गळ्यात अडकवायचा रिमोट आला. त्यावर अंगठ्याने ढकलायच्या दोन छोट्या दांड्या. उजवी दांडी मागे ओढली की हुक वर जायचा, पुढे ढकलली की खाली.

आणि त्याच सुमाराला, त्याच्या खोलीवरच्या जुन्या कन्सोलवर, तो खेळत असलेल्या गेममध्ये त्याला पंख मिळाले होते. अफाट डोंगराळ मुलूख, कुठेही जा, कोणी अडवत नाही. निरंजनने मोहिमा कधीच सोडून दिल्या होत्या. शिफ्ट सुटली की तो नुसता त्या डोंगरांवरून तरंगत राहायचा. दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला तेवढं आभाळ पुरत होतं. त्या गेममध्ये स्टिक पुढे ढकलली की पंख वर जायचे.

बुधवारी डाय खाली टेकायला चार बोटं राहिली होती. खाली लाकडी ठोकळा होता. तो जरा तिरका झाला म्हणून सरळ करायला हिंदुराव वाकले. हिंदुराव म्हणजे कारखान्यातले जुने खलाशी. साखळ्या अडकवायच्या, इशारे करायचे, डायला हाताने वळण द्यायचं, हे त्यांचं काम. खेड तालुक्यातला हा माणूस डायला हात लावल्याशिवाय उचलूच देत नसे. तळवा लोखंडावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करायचं: घे. सुरक्षेचे साहेब किती वेळा ओरडून गेले, पण हिंदुरावांचं म्हणणं एकच, "हात लावल्याबिगर तिचं मन कसं कळंल?"

त्यांनी बोट वर केलं. निरंजनने दांडी पुढे ढकलली.

डाय खाली बसली. ठोकळा चिरला. हिंदुरावांचा ठोकळ्यावरचा हात त्याच क्षणी घाम पुसायला कपाळाकडे गेला होता, म्हणून तो वाचला.

हिंदुरावांनी चिरलेल्या ठोकळ्याकडे पाहिलं, मग वर क्रेनकडे. "ब्रेक घसरला काय रं?"

निरंजनने दांडीवरचा अंगठा काढला. "हां काका," तो म्हणाला. "ब्रेकच असंल."

बुद्धरत्नच्या घरात तो शिरला तेव्हा नेहमीची जुंपली होती. समर्थ मारुंजीहून आलेला होता. हिंजवडीच्या एका कंपनीतला हा मुलगा गुरुवारी घरून काम करायचा, म्हणजे बुद्धरत्नच्या घरून. मांडीवर लॅपटॉप उघडा, कानात मीटिंग चालू, आणि तोंडाने पीसीचं गुणगान.

"तुमचा कन्सोल म्हणजे खाणावळीचं ताट आहे राव," तो म्हणत होता. "समोर येईल ते खायचं. पीसीवर मी भाजी बदलतो, मीठ बदलतो. आपल्या गेमच्या त्या डोंगरात मी आमच्या मारुंजीचा पाण्याचा टँकर आणून सोडलाय. खरंच. मॉड टाकला, म्हणजे गेममध्ये आपलीच भर."

"टँकर बघायला गेम कशाला, गॅलरीत उभा राहा," बुद्धरत्न म्हणाला. "आणि तुझा पीसी गेल्या महिन्यात आजारी होता ना? गेम सुरू करायच्या आधी अर्धा दिवस तू त्याची नाडी बघत बसतोस. आमचं बघ. बटण दाबलं, डोंगर हजर."

"डोंगर हजर, पण धुक्यात. लांबचं झाड दिसतं का तुला?"

"झाडाजवळ गेलो की दिसतं. त्यालाच ओपन वर्ल्ड म्हणतात, भावा. चालत जायचं."

"तुम्ही दोघं बोलत बसा," बुद्धरत्नची बहीण आम्रपाली खाली चटईवरून म्हणाली. कंट्रोलर तिच्या हातात होता. "मी तोवर किल्ला घेते. निरंजनदादा, बस ना. उभा का?"

त्या घरचा नियम असा की गेममध्ये एकदा आपटलं की कंट्रोलर पुढच्याच्या हातात. आम्रपाली फिजिओथेरपी शिकत होती आणि चौघांत सगळ्यात कमी आपटायची, त्यामुळे बाकीच्यांच्या वाट्याला वादच जास्त यायचा. निरंजन तिच्या मागे टेकून बसला. तिचा अंगठा स्टिकवर कसा फिरतो ते तो बघत राहिला. मग सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, "पुढं ढकललं की वर जातं, हे कोण ठरवतं रे?"

"गेम बनवणारा," बुद्धरत्न म्हणाला.

"आणि एखाद्याला उलटी सवय असली तर?"

"तर त्याने माऊस घ्यावा," समर्थ म्हणाला. "हेच तर मी बोंबलतोय. माऊस म्हणजे बोट दाखवणं. जिथे बघायचं तिथे बोट. वर-खाली, उलट-सुलट, भानगडच नाही." मग एकदम आवाज बदलून, "येस, येस, आय ॲम हिअर," असं मीटिंगला सांगून त्याने पुन्हा माइक बंद केला.

"सेटिंगमध्ये उलटं करता येतं, दादा," आम्रपाली म्हणाली. "करू?"

तिने केलं आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला. आता पुढे म्हणजे खाली. क्रेनसारखंच. निरंजनने पंख उघडले. पहिल्या वळणालाच तो कड्यावर जाऊन आदळला. सगळे हसले. नियमाप्रमाणे कंट्रोलर बुद्धरत्नकडे गेला. तो बिचारा सेटिंग विसरला आणि सरळ नदीत गेला.

"अरे हे काय करून ठेवलंय माझ्या घरात," बुद्धरत्न म्हणाला. "निऱ्या, क्रेनवर पण असंच उडवतोस का?"

चोराच्या मनात चांदणं. निरंजनने अंगठा पुन्हा मुठीत घेतला. तो हसला, पण ते हसू त्यालाच परकं वाटलं.

पुन्हा पाळी आली तेव्हा त्याने ठरवून, दर वेळी मनात म्हणून, स्टिक हलवली. पुढे म्हणजे खाली. मागे म्हणजे वर. जमू लागलं. दोन डोंगर ओलांडले, जंगल ओलांडलं, श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात बुद्धरत्न ओरडला, "समोर बुरूज!" आणि अंगठा आपल्या मनाने पुढे गेला. वर जायला म्हणून पुढे. पंख बुरुजाच्या पायथ्याशी मोडून पडले.

"बघ," आम्रपाली म्हणाली, "विचार करून हलवतोस तेव्हा नवं येतं. दचकलास की जुनं येतं. आमच्याकडे पेशंटचं पण असंच असतं. हात आपला असला तरी ऐकत नाही लगेच."

"जुनं म्हणजे कुठलं?" निरंजनने विचारलं. "समज, दोन्ही सवयी एकदमच लागल्या. मग जुनं कुठलं?"

"ते दचकल्यावरच कळेल," ती म्हणाली.

त्याने कंट्रोलर खाली ठेवला. समर्थ त्याला सांगत होता, एखाद्या शनिवारी शिफ्ट सुटली की मारुंजीला ये, माझ्या मशीनवर बस, पुन्हा या खेळण्याला हात लावणार नाहीस. निरंजन मान हलवत होता. त्याच्या डोळ्यांसमोर तो चिरलेला ठोकळा होता. सांगावं का यांना? जिभेवर आलं होतं. पण सांगून काय होणार? समर्थ माऊसवर येणार, बुद्धरत्न हळहळणार, आणि शुक्रवारी हिंदुराव तळवा लोखंडावर ठेवणारच. ज्याला सांगायचं तो इथे नव्हताच. आम्रपालीने चहा ठेवला, तो न घेताच तो निघाला.

त्याला एक आशा होती, आणि तिची त्याला लाजही वाटत होती. हिंदुरावांनी ब्रेकची तक्रार केली असेल. क्रेन दुरुस्तीला काढली असेल. आठवडाभर काम बंद.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तो आत शिरला तेव्हा क्रेन चालू होती आणि हिंदुराव साखळ्या पुसत होते.

"बुधवारी तू गेल्यावर ब्रेकवाला येऊन गेला," ते म्हणाले. "काई दोष न्हाई म्हनला. मी म्हनलं, दोष न्हाई तर माझा ठोकळा काय उंदरानं खाल्ला? झापला त्याला. मंग पुन्यांदा सगळं खोलून बसवलं त्यानं. आता बिनघोर घे. लोण्यावानी चालतंय."

म्हणजे आता तर त्यांचा हात आणखी निर्धास्त पडणार होता. निरंजनने रिमोट गळ्यात अडकवला. समोर बुधवारचीच डाय, अजून चिरलेल्या ठोकळ्यावर टेकलेली; ती उचलून आधी ठोकळा बदलायचा. हिंदुरावांनी चारी कड्या अडकवल्या, साखळी हाताने ओढून पाहिली आणि खाली वाकून डायखाली नवा ठोकळा सरकवायला बोटं घातली. दुसरा हात वर गेला. बोट उभं राहिलं. घे.

मागे म्हणजे वर, निरंजन मनात म्हणाला. मागे. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. पण पलीकडे कुठेतरी लोखंड आपटलं, प्रेसचा भोंगा वाजला, आणि त्याला वाटलं, या क्षणी आपला अंगठा काय करेल ते आपल्याला सांगता यायचं नाही.

त्याने रिमोटचं लाल बटण दाबून क्रेनच बंद केली.

"काका, हात काढा."

"का रं?"

"आधी काढा, मग सांगतो."

हिंदुरावांनी हात काढला. फडक्याला पुसत ते जवळ आले. निरंजनने मान खाली घातली. "बुधवारी ब्रेक नव्हता. मीच खाली घेतली. तुमी वर म्हणलात आणि मी खाली घेतली."

"इशारा दिसला न्हाई?"

"दिसला. अंगठा उलटा गेला." मग उरलेलंही सांगून टाकणं भाग होतं. "मी खोलीवर गेम खेळतो, काका. टीव्हीवरचा. त्यात असलीच दांडी असते. त्यात पुढं ढकललं की वर जातं."

त्या गोंगाटात हे शब्द त्याच्याच कानांना इतके पोरकट वाटले की जमीन दुभंगावी. तिशीला आलेला माणूस, लग्नाचं बघायला लागलेला, आणि सांगतोय काय तर खेळ.

हिंदुरावांनी उजवा हात पालथा करून पाहिला, पुन्हा उताणा केला, जणू तो कोणाचा तरी उसना आणलेला होता.

"माझी नात खेळती तसला?"

"तसलाच."

"मंग त्या ब्रेकवाल्याला मी उगाच बोल लावला," ते म्हणाले. रागावून नाही. मग म्हणाले, "आज परत जाईल काय उलटा?"

"सांगता येत नाही," निरंजन म्हणाला. "तेच सांगायला थांबवलं."

हिंदुरावांनी मान हलवली आणि ते चालायला लागले. निरंजनला वाटलं, साहेबांच्या केबिनकडे निघाले. भीतीबरोबर एक सुटकाही वाटली. जे व्हायचं ते होऊन जाईल. हिंदुराव केबिन ओलांडून कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेले आणि नायलॉनची दोरी घेऊन आले. डायला लांबून वळण द्यायला म्हणून सुरक्षेच्या साहेबांनी आणून ठेवलेली, कोणी कधी न वापरलेली. तिचं एक टोक त्यांनी डायच्या कडीला बांधलं, दुसरं हाताला गुंडाळलं आणि ते दहा-बारा हात लांब जाऊन उभे राहिले.

"आधी रिकामा हुक दोनदा वर-खाली करून दाव," ते म्हणाले. "मंग डाय."

निरंजनने कड्या सोडवून घेतल्या. हुक दोनदा वर, दोनदा खाली. बरोबर गेला. पुन्हा कड्या अडकवल्या, मग डाय. बरोबर गेली. त्या दिवशीच्या सगळ्या डाय बरोबर गेल्या, आणि प्रत्येक वेळी त्याच्या शर्टाची पाठ भिजली.

हिंदुराव कोणाकडे काही बोलल्याचं दिसलं नाही. ब्रेकवाल्याला मात्र त्यांनी कॅन्टीनमध्ये शेजारी बसवून आपल्या डब्यातली भाकरी दिली. पुढच्या आठवड्यात निरंजन दुपारच्या शिफ्टला गेला तेव्हा आधीच्या शिफ्टचा क्रेनवाला रविराज शेवटची डाय उचलत होता. हिंदुराव तिच्या अंगाला अंग लावून उभे होते. तळवा लोखंडावर, दुसऱ्या हाताचं बोट वर. ओव्हरटाइमला ते तिथेच थांबले. निरंजनने रिमोट गळ्यात घातला तसा त्यांनी तळवा काढला आणि दोरी घेतली.

हे निरंजनला लागलं. लागायला नको होतं, पण लागलं. बोलायला जागा नव्हती.

खोलीवरच्या कन्सोलवर त्याने सेटिंग उलटं केलं होतं. रोज शिफ्टच्या आधी तो थोडं उडायचा. आता त्यात मजा राहिली नव्हती, शिकवणी झाली होती. दचकल्यावर काय होतं ते बघायला म्हणून तो मुद्दाम बुरुजांच्या अंगावर जायचा. कधी अंगठा बरोबर जायचा, कधी नाही. ग्रुपवर समर्थने नव्या ग्राफिक्स कार्डाचा फोटो टाकला, खाली बुद्धरत्नने खाणावळीच्या ताटाचा फोटो टाकला, वाद पुन्हा पेटला. निरंजन वाचून ठेवून द्यायचा.

महिना गेला असेल. एका दुपारी मोठी डाय घ्यायची होती, दाराच्या पत्र्याची. रिकामा हुक वर-खाली झाला. हिंदुरावांनी दोरी बांधली आणि लांब जाऊन उभे राहिले. डाय जमिनीवरून सुटली, जरा हेलकावली. दोरीने ती लवकर वळेना. हिंदुराव एक पाऊल पुढे आले, मग आणखी एक. दोरीचा एक वेढा त्यांनी हातावर चढवला, मग दुसरा. आता ते डायपासून हातभर अंतरावर होते आणि मोकळा तळवा आपसूक पुढे येत होता.

तो तळवा पुन्हा आपल्या डायवर यावा, महिनाभर निरंजन मनात हेच तर मागत होता. त्याने अंगठा दांडीवरून उचलला. डाय जागच्या जागी टांगून राहिली.

"काका," तो म्हणाला, "दोरी लांब धरा."

"आरं पन आता चांगलं चालतंय की तुझं."

"लांब धरा."

हातावरचे वेढे एकेक करून सोडत हिंदुराव मागे सरकले, आणि पुरेसे लांब गेल्यावर त्यांनी बोट वर केलं.