होसिया काकांचा ठेका

व्हर्लीन मावशीच्या अंगणात चर्चमधल्या मंडळींसाठी मासे तळणं चाललं होतं आणि जॅकोरी तिच्यापासून जमेल तितका लांब, कुंपणाला टेकून उभा होता. आपलं गाणं मावशीच्या कानी पडू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

तशी ती चर्चमधली गाणी सोडून दुसरं काही ऐकत नसे. "हे गाणं आहे की भांडण?" असं ती रॅपबद्दल चारचौघांत विचारायची. पण मागच्या महिन्यात जॅक्सन शहरातल्या रेडिओने ते गाणं उचललं आणि इथे यझू सिटीत ते ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आजवर जॅकोरीने कुठल्याही कंपनीचे उंबरे झिजवले नव्हते. मावशीच्या नवऱ्याने, होसिया काकांनी, दिलेल्या जुन्या ब्यूक गाडीच्या डिकीतून तो आपल्या सीडी विकत गावोगाव फिरला होता. आता कुठे त्याचं नाव होत होतं. आणि ज्या गाण्याने झालं, त्याच्या सुरुवातीला मावशीचाच आवाज होता.

तिने फोनवर ठेवलेला निरोप होता तो. "जॅकोरी, बाळा, मावशी बोलतेय. देवाचा हात असू दे रे तुझ्या डोक्यावर." आणि मागे फुस्… टक्, फुस्… टक्. संगीत जुळवणारा त्याचा मित्र डून त्या आवाजावर लट्टू झाला. "हा ठेका कुठला रे? यावरच अख्खं गाणं बांधू!" ते काकांचं ऑक्सिजनचं मशीन आहे, अगदी शेवटी घरी आणलेलं, हे जॅकोरीने त्याला सांगितलं नाही.

निरोप पुढेही होता. "काका सारखं तुझं नाव घेताहेत. ये." अटलांटात स्टेजवर जायच्या आधी त्याने तो ऐकला आणि 'ये' ऐकताच फोन खिशात टाकला. एवढी गर्दी पुन्हा मिळायची नव्हती. उद्या निघू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी काका नव्हते.

"फोन बिघडला होता, मावशी," काकांच्या अंत्यविधीला आल्यावर तो म्हणाला. "तुझा निरोप मिळालाच नाही. सगळं पुसलं गेलं." मावशीने त्याला पोटाशी धरलं होतं. "वाटलंच मला. नाहीतर माझा पोरगा आला नसता होय?" पुढे चर्चमध्ये कुणी कुजबुजलं, की ती ठणकावून सांगायची, "फोन बंद होता त्याचा!"

मग तोच निरोप गाण्यात का घातला? मावशी हे शब्द प्रत्येक फोनवर म्हणते, कोण ओळखणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. मशीनच्या आवाजावरून निरोप कधीचा ते मावशीला कळेल, हा विचार त्याने केलाच नव्हता.

चर्चमधल्या वडीलधाऱ्या पर्विस यांची नात क्विनेशा हिने गाडीचं दार उघडलं आणि आत लावलेल्या त्याच गाण्याचा आवाज मोठा केला.

"अगं बाई, ही तर व्हर्लीन मावशी!"

"काय व्हर्लीनबाई," पर्विस ओरडले, "रॅपला नावं ठेवता ठेवता त्यातच जाऊन बसलात की!"

सगळे हसले. मावशीही हसली. मग ठेका सुरू झाला आणि तिच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. त्या आवाजाशेजारी तिने रात्री काढल्या होत्या. तिने जॅकोरीकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"कधी बोलला होतात हो हे?" पर्विस यांनी विचारलं.

"आमचं काय, नेहमीच बोलणं असतं फोनवर," मावशी म्हणाली. "असेल मागचं कधीतरी." तिला खोटं बोलताना जॅकोरीने आजवर पाहिलं नव्हतं. "मीठ संपलंय. जॅकोरी, आत ये जरा."

मीठ टेबलावरच होतं.

स्वयंपाकघरात तिने दार लोटलं. "पुढचं कुठंय?"

"पुढचं?"

"मी फोन काकांच्या तोंडाशी धरला होता. ते काय पुटपुटले, मशीनच्या आवाजात मला कळलं नाही. निरोप पुसला गेला म्हणालास, तेव्हा मी त्यासाठी रडले होते."

त्याने खिशातून फोन काढला. "मी… तिथपर्यंत ऐकलंच नाही."

"मग आता ऐक."

त्याने फोन ओट्यावर ठेवला. मावशीचं 'ये' झालं. काहीतरी खसफसलं. मग काका, धापा टाकत, "ब्यूकचं ऑइल बदललंस का रे?" दोन श्वास गेले. "नसेलच बदललं." नंतर नुसतं फुस्… टक्.

मावशीला खुदकन हसू आलं. तिने एप्रन तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"मावशी, मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो…"

"काय सांगशील? व्हर्लीन खोटं बोलली म्हणून? तुझ्यासाठी या लोकांशी भांडले मी. आता मला तोंडघशी पाडू नकोस." तिने कपाटातली मिठाची दुसरी बाटली काढून त्याच्या हातात दिली. "जा. म्हणतील ते कर."

"आला, आला!" पर्विस म्हणाले. "अरे, रेडिओवर काय सगळेच ऐकतात. आम्हाला इथे गाऊन दाखव."

क्विनेशाने गाणं पुन्हा लावलं. जॅकोरी हातात मिठाची बाटली घेऊन उभा राहिला. गाण्यातल्या मावशीने देवाचं नाव घेतलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि जिथे तिचा आवाज कापला होता, तिथून त्याने सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही. कुंपणापलीकडे ब्यूक उभी होती. ऑइल अजून बदललेलं नव्हतं. आणि कढईपाशी मावशी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती, प्रत्येक 'टक्'वर, बरोबर ठेक्यात.