वरचा कॉक

“शी केली का त्यानं?”

फोन फरशीवर होता, स्पीकर चालू. फोनशेजारी अडुसष्ट वर्षांचे वायसरकाका हातात बॅटरी घेऊन, एक गाल फरशीला टेकवून पोटावर आडवे पडले होते. बॅटरीचा झोत पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरत होता. ट्रे स्वच्छ होता. एवढा स्वच्छ ट्रे त्या घरात साडेसहा वर्षांत कोणी पाहिला नव्हता.

“अहो, ऐकू येतंय ना? शी केली का?”

“केली की.”

“किती?”

“भरपूर. सकाळपासून झाडतोच आहे.”

“कशी होती? लांबट की गोल?”

“अगं, हॉस्पिटलात तू आहेस की तो?”

“माझ्या खुब्याची चौकशी करायला इथं दहा जण आहेत. त्याची करणारी मी एकटी. लांबट की गोल?”

“लांबट,” काका म्हणाले आणि त्यांनी बॅटरी विझवली.

ही सगळी चौकशी ज्याची चालली होती तो पिंजऱ्यात अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. जातीनं गिनी पिग, अंगानं अर्धा तपकिरी अर्धा पांढरा, नाव हेडमास्तर. फ्रिजचं दार उघडलं की तो घरभर ऐकू जाईल अशी शिट्टी मारायचा, आणि ती ऐकून काकांचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे, म्हणून काकूंनी ठेवलेलं नाव. शेजारी घर बदलताना “चार दिवस सांभाळा” म्हणून त्याला ठेवून गेले होते. ते चार दिवस अजून संपायचे होते.

काका प्लंबर. आता निवृत्त, पण गळती लागली की लोक अजून त्यांनाच शोधत यायचे. कुठलाही बिघाड बघून ते आधी “वायसर गेलाय” म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. पाईपला कान लावून तुंबा कुठल्या मजल्यावर आहे ते सांगत, इथवर खरं. पण एकदा त्यांनी तळमजल्यावर कान लावून चौथ्या मजल्यावरच्या बाईंना, “अंगठी अडकली आहे तुमची, पण सोडून द्या, नकली आहे,” असं कळवलं होतं, हेही तिथं हजर असलेली माणसं आजतागायत शपथेवर सांगतात. बाई महिनाभर नवऱ्याशी बोलत नव्हत्या म्हणे. काकांच्या हातून चाळीस वर्षांत काही बिघडलंच नाही असं नाही. पण बिघडलं की ते शांतपणे पाना पुसत आणि म्हणत, “पाईपच जुना होता.” जगातल्या कुठल्या पाईपाबद्दल हे खोटं ठरणार?

हेडमास्तरांचं खातं मात्र पूर्ण काकूंकडे. त्यांच्या पोटावर काकूंची जेवढी नजर होती, तेवढी काकांच्या पोटावर कधीच नव्हती. गेल्या वर्षभरात म्हातारपणानं हेडमास्तरांचं मागचं अंग ढिलं पडलं होतं, शी आतच साठून राहायची. काकू रोज सकाळी त्याला मांडीवर उताणा घ्यायच्या आणि तेलात भिजवलेल्या कापसानं हळूहळू मोकळं करायच्या. आयुष्यभर गटारात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस त्या वेळी खिडकीबाहेर बघत उभा राहायचा.

मग काकू स्वयंपाकघरात घसरल्या. खुबा मोडला. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी नवऱ्याचा हात धरला. काकांना वाटलं, आता काहीतरी नवरा-बायकोचं बोलणं होणार.

“त्याच्या पुढचं गवत संपू देऊ नका,” काकू म्हणाल्या. “एवढं एकच करा. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

चार दिवस काकांनी गवत संपू दिलं नाही. कापसाचं कामही केलं, दात-ओठ खात, पण केलं. पाचव्या दिवशी, सोमवारी सकाळी, हेडमास्तरांनी ढोबळी मिरचीची फोड हुंगली आणि तोंड फिरवलं. गवताची काडी तोंडात घेतली आणि टाकली. ट्रेमध्ये रात्रभरात मोहरीएवढे दोन-तीन दाणे. काकांनी त्याच्या पोटावर दोन बोटं टेकवून टिचकी मारली. ढब्. पुन्हा मारली. ढब्.

“तुंबलंय,” काका म्हणाले, आणि त्यांना एकदम बरं वाटलं. साडेसहा वर्षांत पहिल्यांदाच ह्या जनावराबद्दलची एक गोष्ट त्यांना कळली होती, जी ऐकायला काकू तिथं नव्हत्या.

तुंब्याचा पहिला नियम त्यांच्या हाताला पाठ होता. आधी वरचा कॉक बंद. नवशिके इथंच चुकतात. तुंबलेल्यात पाणी सोडत राहतात आणि मग स्वयंपाकघराचं तळं होतं. काकांनी पिंजऱ्यातलं गवत काढलं, मिरची काढली, पाण्याची बाटलीही काढली. सकाळचे दहा वाजले होते.

“एक दिवस उपास,” त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं. “खालचं साफ होऊ दे. मग सोडतो वरून.”

मंगळवारी काकूंचा फोन ठेवल्यावर काका गुडघ्यावर हात देऊन उठले आणि त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. शिट्टी नाही. बंद करून पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी जरा जोरातच उघडलं. मग त्यांनी हेडमास्तरांना टॉवेलात गुंडाळलं आणि रस्त्याला लागले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई काकांच्या मुलीहून लहान दिसत होत्या. त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. काकांनी ते ऐकणं ओळखलं. आतून काही आवाज येत नसला की माणूस असं ऐकतो.

“कधीपासून खात नाहीये?”

“खात नाहीये म्हणजे, मीच बंद केलंय.”

“काय बंद केलंय?”

“वरून. गवत, पाणी, सगळं. तुंबल्यावर आधी वरचा कॉक बंद करतात, बाई.”

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप कानातून काढला. “किती वेळ?”

“काल सकाळी दहापासून.”

बारीक दिवा लावलेली नळी त्यांनी हेडमास्तरांच्या तोंडात घातली, आतलं पाहिलं आणि काकांनाही वाकून बघायला सांगितलं. “ह्या दाढा बघा. वाढल्यात. ही कड जिभेत घुसतेय. म्हातारपणी होतं असं. भूक होती काका त्याला, चावता येत नव्हतं. खाणं कमी झालं म्हणून आतडी मंदावली, गॅस धरला.”

“म्हणजे तुंबलं नव्हतं?”

“ह्यांचं पाईपाच्या उलटं असतं. वरचा घास आला की खालचा पुढं सरकतो. वरून बंद, की सगळं जागच्या जागी थांबतं. पातळ करून का होईना, पोटात जात राहायला हवं होतं.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तुम्हाला काय माहीत असणार.”

“मला सांगितलं होतं,” काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं दिली, कातडीखाली पाणी चढवलं. गवताची पूड दिली. पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजनं, दर दोन तासांनी. दाढा घासायच्या होत्या, पण तेवढी गुंगी सोसायची ताकद त्याच्यात आली तर.

“वाचेल?”

“वय आहे, काका. आधी शी होऊ दे. मग बोलू.”

पहिल्या दोन सिरिंजा काकांच्या शर्टानं प्यायल्या. दीड इंची पाईपाचा जोड आवळणाऱ्या हाताला एक थेंब ढकलायचा म्हणजे किती ढकलायचा, ते कळेना. तिसरीला हेडमास्तरांचा घसा हलला. काका त्याच्याशी बोलत बसले. हौदात सापडलेल्या कासवाची गोष्ट सांगितली, ज्याच्या पाठीवर म्हणे मागच्या प्लंबरनं दुरुस्तीची तारीख लिहून ठेवली होती. हेडमास्तरांनी हरकत घेतली नाही. काकूंचा फोन आला की काका खोलीच्या दुसऱ्या टोकाला जात.

“आवाज का नाही येत त्याचा?”

“जेवून झोपलाय. आज तर घरभर पळाला. मीच दमलो मागं धावून.”

“पळाला? तो?” काकूंनी विचारलं. मग “बरं,” म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी दुपारी चार वाजता टॉवेलावर एक दाणा दिसला. वाकडा, सुकलेला, एका टोकाला निमुळता. काकांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला, बशीत ठेवला, बशीचा फोटो काढला आणि डॉक्टरीणबाईंना पाठवला. “छान,” उत्तर आलं. “चालू ठेवा.” काकांनी दर तासाला पाजायला सुरुवात केली.

गुरुवारी दुपारी कालवलेली पूड हेडमास्तरांच्या ओठाच्या कडेनं बाहेर आली. काकांनी ती पुसली. सिरिंज तोंडाशी धरून ते थांबले. बंद पडलेल्या लाईनीचा नळ उघडल्यावर पाणी यायला वेळ लागतो, तसे थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी सिरिंज खाली ठेवली.

मुलीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “बाबा, आत्ता आईला कळवू नकोस. उद्या घरी येतेच आहे ती. वय झालं होतं म्हणून सांगू. साडेसहा म्हणजे त्यांच्यात नव्वदी असते.”

डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. “वय होतंच, काका. तेवढंच सांगा.”

काकांनी ते वाक्य मनाशी बसवून पाहिलं. पाईपच जुना होता. एकही आटा न चढवता बसत होतं.

शुक्रवारी सकाळी मुलीनं काकूंना घरी आणलं. वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत त्या आत आल्या आणि त्यांनी कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं फरशीवर पिंजऱ्याच्या आकाराचा एक फिकट चौकोन होता. धुतलेला पिंजरा गॅलरीत उपडा घातला होता. मुलीनं त्यांना खुर्चीत बसवलं.

“कधी?” काकूंनी विचारलं.

“काल दुपारी,” काका म्हणाले.

“आई, वय झालं होतं गं त्याचं,” मुलगी घाईनं म्हणाली. “डॉक्टरसुद्धा...”

“तू थांब जरा.” काका उभेच होते. “वय झालं होतं, ते आहेच. पण मी गवत काढून घेतलं त्याच्या पुढचं. पूर्ण एक दिवस. पाणीपण. मला वाटलं तुंबलंय, म्हणून वरून बंद केलं. त्यानं गेला तो.”

काकूंनी वॉकरची दांडी धरून ठेवली होती.

“मी एकच गोष्ट सांगितली होती.”

“हो.”

“आणि फोनवर लांबट म्हणालात.”

“हो.”

मुलगी पाणी आणते म्हणून आत गेली आणि आतच राहिली. काकू कितीतरी वेळ त्या फिकट चौकोनाकडं बघत होत्या.

“शेवटी काही पाजलंत का?”

“सिरिंजनं. मंगळवारपासून.”

“प्यायला?”

“थोडं. बुधवारी बरं प्यायला.”

“कसा धरला होतात?”

काकांना आधी कळलं नाही. मग ते काकूंसमोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी हात पुढं केले. डाव्या तळव्याचा खोलगा करून छातीशी नेला. उजव्या हाताची दोन बोटं, काही न धरता, एवढ्याशा तोंडाच्या उंचीवर आणून थांबवली.

काकूंनी नीट पाहिलं. वॉकर बाजूला सारला आणि त्या पुढं वाकल्या.

“त्याची हनुवटी मोकळीच सोडलीत,” त्या म्हणाल्या. त्यांनी काकांचा डावा अंगठा धरला, जरासा पुढं ओढला आणि खालून वर टेकवला. “हा इथं हवा.”

काकांनी अंगठा तिथंच ठेवला.