शेवटची तीन पानं

एनिडने भरतकामाची छोटी कात्री घेतली, चष्मा नीट बसवला आणि वाचनालयाच्या पुस्तकाचं शेवटचं पान शिवणीलगत सरळ कापून काढलं. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्याही आधीचं. तिन्ही पानं एप्रनच्या खिशात घालून ती मटकन खुर्चीत बसली.

थॉर्नगिलच्या शाळेत तिने एकतीस वर्षं पोरं शिकवली होती. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी ती त्या पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करायची. गावात अजूनही तिला सगळे बाईच म्हणत. आणि आज एकोणऐंशीव्या वर्षी बाईंनी हा उद्योग केला होता.

पुस्तक इन्स्पेक्टर हॅरोपचं होतं, मालिकेतलं बाविसावं. दर हिवाळ्यात एक यायचं. हॅरोपचा दुखरा गुडघा, तुसडा स्वभाव, बर्फाने कोंडलेलं एखादं गाव आणि त्यात एक मुडदा. एवढ्याशा गावांत एवढे खून होत राहिले तर चर्चमध्ये गायला माणूस उरायचा नाही, असं एनिड म्हणायची. पण पुस्तक हातात पडलं की शेगडीवरचं दूध उतू जायचं आणि तिला पत्ता नसायचा.

तिच्यानंतर ते पुस्तक म्युरिएलकडे जायचं. म्युरिएल तिची धाकटी बहीण. ओढ्यावरचा पूल ओलांडला की तिचं घर. गेल्या सहा वर्षांत तो पूल दोघींपैकी एकीनेही ओलांडला नव्हता. आई गेली तेव्हा म्युरिएल मुलाकडे लीड्सला होती, बर्फाने रस्ता बंद झाला आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. दफनाच्या दिवशी चर्चच्या फाटकात, चार माणसांसमोर एनिड तिला म्हणाली होती, "रस्ता बरा नेमका तुझ्यासाठीच बंद झाला." म्युरिएलने एक अक्षर काढलं नाही. नंतरही कधी काढलं नाही.

आता मार्चमध्ये एनिडचा मुलगा तिला ब्रिस्टलजवळ आपल्या घरी नेणार होता. एकदा गेली की ती परत येणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पूल ओलांडून जायचं, दार वाजवायचं, चूक झाली म्हणायचं. तीनदा कोट चढवून झाला होता आणि तीनदा तो खुंटीला परत टांगून झाला होता. म्युरिएलने दार उघडलंच नाही तर? पण खुनी कोण हे कळल्याशिवाय म्युरिएलला झोप लागायची नाही, लहानपणापासून. वाचनालयात या पुस्तकाची एकच प्रत होती. शेवट हवा असेल तर तिला एनिडकडेच यावं लागणार होतं.

मंगळवारी फिरत्या वाचनालयाची गाडी फाटकाशी थांबली. गाडी चालवणारा क्लाइव्ह बूट आपटत आत आला. तोही तिचाच विद्यार्थी, आता पन्नाशी उलटलेला.

"झालं का हो बाई वाचून? म्युरिएल मावशी माझं डोकं खातायत."

"झालं," एनिड म्हणाली. पुस्तक मात्र तिने लगेच सोडलं नाही.

"कसं आहे?"

"शेवट चांगला आहे."

"मग कान का लाल झालेत तुमचे?"

"थंडीने. तू नीघ आता, दार उघडं राहिलंय."

मग सुरू झालं वाट बघणं. बुधवारी म्युरिएल पन्नासाव्या पानावर असेल. शुक्रवारी डॉक्टरच्या बहिणीवर तिचा संशय गेला असेल, आणि तो चुकीचा. रविवारी चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर होती. तिची मान ताठ होती आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. एनिडला आपल्या अकलेची कीव आली. एक चांगलं पुस्तक आपण नासवलं आणि हाती काही लागलं नाही, असं वाटून ती सिंकमधले बटाटे उगाचच दुसऱ्यांदा धुवायला लागली.

गुरुवारी दुपारी दार वाजलं.

म्युरिएल पायरीवर उभी होती. टोपीवर बर्फ होता आणि बगलेत पुस्तक.

"याची शेवटची पानं नाहीत," ती म्हणाली. ना राम राम, ना कशी आहेस.

"अगंबाई!"

"क्लाइव्ह म्हणतो दुसरी प्रत नाही. तू वाचलंयस ना?"

"वाचलंय ना. आत ये. गार वारा येतोय."

म्युरिएल आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. एनिडने चहा केला. बशीत थोडा चहा सांडला आणि दोघींनीही तो न पाहिल्यासारखं केलं. दूध आधी घालायचं, साखर दीड चमचा. एनिडने विचारलं नाही आणि म्युरिएलनेही सांगितलं नाही.

"हं, सांग," म्युरिएल म्हणाली. "कोणी मारलं त्याला?"

"घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने."

"हो का! तो तर किती गरीब वाटत होता."

"गरीबच वाटणार. त्याच्या भावाला त्या माणसाने देशोधडीला लावलं होतं." एनिडला जरा हुरूप आला. सहा वर्षांनी समोर बसलेल्या बहिणीला ती गोष्ट सांगत होती, हेच तिला खरं वाटत नव्हतं. शब्द एकावर एक आदळायला लागले. "मग हॅरोप तो गुडघा घेऊन, लंगडत, पार तळ्यापर्यंत गेला. आणि तिथे बर्फात त्याला म्हाताऱ्याची काठी..."

"काठी नाही गं, हातमोजा," म्युरिएल म्हणाली. "आणि तळ्यावर कुठे? गिरणीच्या मागे."

एनिड थांबली.

गिरणी आणि हातमोजा, दोन्ही त्या कापलेल्या पानांत होते. ती पानं तिच्या खिशात होती, आत्ता, या क्षणी. आपण काय बोलून गेलो हे म्युरिएलच्याही लक्षात आलं. तिने घाईघाईने कप तोंडाला लावला, पण तो रिकामा होता.

"तू वाचलंयस," एनिड म्हणाली.

"पोराने ख्रिसमसला विकत घेऊन पाठवलं. दोनदा वाचून झालं."

"मग क्लाइव्हचं डोकं कशाला खात होतीस?"

"तू वाचलेलं पुस्तक दर वर्षी आणतेच मी. तेवढंच तुझ्या हातातलं काही चार दिवस घरात असतं." म्युरिएलने कप खाली ठेवला. "या वेळी उघडलं तर पानं कापलेली. एवढी सरळ कापलेली. म्हटलं, ही तर बोलावतेय मला. तरी नऊ दिवस लागले यायला. मान कुठे वाकते माझी."

एनिड हसली आणि मग तिला हसता येईना. तिने एप्रनने डोळे पुसले. हे आत्ता बोललं नाही तर ब्रिस्टललाही आपल्याबरोबर येईल, हे तिला कळत होतं.

"मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं. रस्ता खरंच बंद होता. मी स्वतः रेडिओवर ऐकलं होतं."

"मग का बोललीस, एनिड? सगळ्यांसमोर?"

"आई तुला हाक मारत होती म्हणून." एनिडने नजर टेबलावरच ठेवली. "हात माझ्या हातात आणि नाव तुझं. म्युरिएल, म्युरिएल. अकरा वर्षं मी तिचं केलं, आणि शेवटी मी तिच्या ध्यानातच नव्हते. मला सहन झालं नाही गं."

 म्युरिएलने हात पुढे केला आणि टेबलावरचा एनिडचा हात धरला.

"आणि ती हाक मारायची तेव्हा तू काय करायचीस?"

"काय करणार? तूच असल्यासारखी ओ देत होते," एनिड म्हणाली. "रात्रभर."